बोगद्यातला बाण

काका : गिरगावात हयात घालवलेल्या माणसाला गाडीत वाट दाखवणारं यंत्र कशाला हवं, असं तू विचारलंस. तर ऐक. गेल्या पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलो. ‘मावळा’ नावाच्या, बारा मीटरहून मोठ्या व्यासाच्या यंत्राने खोदलेला तो बोगदा, दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब, आणि डोक्यावर अख्खी मलबार हिल. उपग्रहाचा संदेश त्या खडकातून खाली येत नाही. शेजारी तुझी काकू मोबाइल उघडून बसली होती. तिच्या पडद्यावरचा बाण बोगद्याच्या तोंडाशी थबकला आणि मग एकदम उडून डोंगरावरच्या कुठल्याशा रस्त्यावर जाऊन बसला. गाडीत बसवलेल्या यंत्राचा बाण मात्र पुढे चालला होता. मी पाय जरा हलका केला, तसा तोही मंदावला. प्रियदर्शिनी पार्कशी उजेडात आलो, समुद्र दिसला, आणि तो जेमतेम एका गाडीच्या लांबीएवढा सरकून जागेवर बसला. दोन किलोमीटर आंधळ्याने चालावं आणि चूक एवढीच व्हावी!

त्यामागचं गणित जुनं आहे, खलाशांचं. चाकांचे फेरे मोजले की अंतर कळतं, जायरोस्कोपवरून वळण कळतं. निघालो कुठून हे ठाऊक असलं की आता कुठे आहोत ते काढता येतं. १९८१ साली होंडाने जपानमध्ये गाडीसाठी असं यंत्र काढलं तेव्हा त्यात उपग्रह नव्हताच. जायरोस्कोप आणि पडद्यावर सरकणारा फिल्मवरचा नकाशा, बस. उपग्रहाची जोड १९९० साली माझदाच्या युनोस कॉस्मो गाडीत आली. आज माझ्या गाडीत ती दोन्ही एकत्र नांदतात. माझं वय बहात्तर. अंधार पडला की दिव्यांच्या झगमगाटात मला पाट्या वाचता येत नाहीत. अमरसन्स, हाजी अली, वरळी, तिन्ही ठिकाणी कोस्टल रोडला फाटे फुटतात, आणि चुकीच्या फाट्यावर चढलं की मागे वळायला जागा नसते. कुठली लेन धरायची ते यंत्र आधीच चित्र काढून दाखवतं, बोलून सांगतं. त्याच्या भरवशावर मी अजून स्वतः गाडी चालवत कोकणात जातो. तुला ही लहान गोष्ट वाटत असेल, मला नाही वाटत.

पुतणी : लहान नाहीच. पण काका, बोगदा ही यंत्रासाठी सगळ्यात सोपी जागा आहे. आत शिरायला एक तोंड, बाहेर पडायला एक. मध्ये गल्ली नाही, फाटक नाही, हातगाडी नाही. आकाश दिसत नाही एवढीच अडचण, आणि ती पैसे टाकून सुटते. अवघड जागा म्हणजे आपली वाडी. मागच्या वर्षी समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं ती रात्र आठवते ना? साडेअकरा वाजले होते. रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत गिरगावात पोचली आणि मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली.

मी नकाशांचंच काम करते, त्यामुळे हे कसं झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. इमारतीची खूण नकाशावर बऱ्याचदा छपराच्या मध्यावर पडते. त्या ठिपक्यापासून सरळ रेषेत जो रस्ता सर्वांत जवळचा, तिथे यंत्र गाडी आणून सोडतं. आपल्या छपराच्या मध्यापासून मागची गल्ली दहा-बारा पावलं, पुढचा रस्ता त्याच्या तिप्पट. म्हणून गल्ली. मध्ये भिंत आहे, भिंतीत दिंडी आहे, दिंडीला रात्री दहाला कुलूप लागतं. यातलं काहीच त्या रेषेला दिसत नाही. चालकाला भिंतीपलीकडून आमचे आवाज ऐकू येत होते. गल्ली एकेरी, मागून दोन गाड्या लागलेल्या. वळसा घालून पुढच्या फाटकाशी यायला त्याला वीस मिनिटं लागली. आजोबा वाचले. पण ती वीस मिनिटं मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होते, आणि त्या चालकाच्या पडद्यावर ‘तुम्ही पोचलात’ असं लिहून आलेलं होतं.

काका : ते मी कसं विसरेन? तरी तो दोष मी यंत्राच्या माथी मारणार नाही, नकाशाच्या मारीन. ‘मी कुठे आहे’ आणि ‘तिथे काय आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर माणसाने किती कष्टाने मिळवलंय बघ. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे निदान चार उपग्रह एकाच वेळी ऐकू यावे लागतात. तीन जागेसाठी, आणि चौथा आपल्या यंत्रातल्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइन्स्टाइनच्या गणिताने ती तफावत काढून टाकली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक साठली असती. त्यातून अमेरिकेने मे २००० पर्यंत सामान्यांच्या वाट्याचा संदेश मुद्दाम गढूळ ठेवला होता. शंभर मीटर इकडेतिकडे. शंभर मीटर म्हणजे आपल्याकडे जायचं खोताच्या वाडीत आणि पोचायचं भलतीकडेच. आज ती चूक मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरवर आली आहे. चांगलं यंत्र रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकतं, काही यंत्रं आपले नाविकचेही.

आणि ‘ऐकतं’ हा शब्द मी जाणून वापरतोय. उपग्रहाकडून जागा काढणारं यंत्र कोणालाही काही कळवत नाही. आकाशवाणी लावली म्हणून आकाशवाणीला आपलं घर कळतं का? तसंच ते. माझ्या यंत्रात नकाशा आतच साठवलेला आहे. मी कुठे गेलो हे मला आणि त्यालाच ठाऊक.

पुतणी : रस्त्यावरची गर्दी दाखवणारी सोय बंद असेल तेव्हा हे अगदी खरं. पण ती तुम्ही बंद ठेवत नाही. पेडर रोड तुंबलाय हे तुमच्या यंत्राला कुठून कळतं? त्या रस्त्यावर खोळंबलेल्या शेकडो लोकांच्या खिशातल्या फोनकडून. २०२० साली बर्लिनमध्ये एका कलावंताने हातगाडीत ९९ फोन घातले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती चालत ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. म्हणजे सगळ्यात उपयोगी सोय उपग्रहाची नाहीच, शेजाऱ्यापाजाऱ्यांची आहे. आपण पूर्वी नाक्यावर विचारायचो, आता न बोलता एकमेकांना विचारतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त यंत्र स्वयंपूर्ण आहे असं म्हणू नका.

आणि नाक्याचा विषय निघालाच आहे तर नावांचं बोलू. यंत्र म्हणतं महर्षी कर्वे रोड, आपल्या तोंडी क्वीन्स रोड. यंत्र म्हणतं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, टॅक्सीवाल्याला कळतो लॅमिंग्टन रोड. हे तरी सोपं, एका रस्त्याला दोन नावं जोडून ठेवता येतात. पण आई अजून भाजीवाल्याला ‘मॅजेस्टिकजवळ’ असा पत्ता देते. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ ज्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी पाडला गेला. तिथे आता दुकानांची इमारत आहे, तिने नाव तेवढं सांभाळलंय. यंत्राला नुसतं ‘मॅजेस्टिक’ सांगितलं तर ते आपल्याला कुलाब्याच्या मॅजेस्टिक आमदार निवासाकडेही नेईल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. आईच्या ‘जवळ’ या शब्दात एक नसलेली इमारत आहे, ट्रामचा रस्ता आहे, कोणाचं दुकान पूर्वी कुठे होतं ते आहे. गिरगावचा पत्ता म्हणजे थोडासा इतिहास असतो. जिथे सध्या जे उभं आहे तेवढंच नकाशा धरतो. चाळींच्या जागी मनोरे उठताहेत, वाड्यांची नावं मनोऱ्यांच्या विक्रीच्या नावांखाली दबताहेत. दहा वर्षांनी नवं नाव खरं आणि जुनं खोटं ठरेल, कारण सगळं गाव यंत्रालाच विचारत असेल.

शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंद आपल्या शेजारी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला झाली, आणि वीस वर्षं भरल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्या गाडीत पडदा नव्हता. चालकच नकाशा होता. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा भाग इतरांपेक्षा वेगळा वाढलेला असतो, हे तिथल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. वाट शोधणं ही अंगी मुरणारी गोष्ट आहे. ती आपण पडद्याला देऊन टाकतोय.

काका : आता मला माझं बोलू दे, कारण हा सूर मला पटत नाही. मॅजेस्टिकजवळ हा पत्ता सुंदर आहे खरा, पण कोणासाठी? ज्याला मॅजेस्टिक कुठे होतं ते माहीत आहे त्याच्यासाठी. म्हणजे ज्याला वाट आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी. उत्तर प्रदेशातल्या गावाहून आलेल्या टॅक्सीवाल्याने हे शहर पाठ केलं ते कौतुकाच्या परीक्षेतून नव्हे. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन. ‘एवढं माहीत नाही तर टॅक्सी कशाला चालवतोस’ हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलं असेल, आणि बोलणारी माणसं आपलीच होती.

आणि वाडीत वाट विचारणं म्हणजे काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. तोंडाशी बाकड्यावर चारजण बसलेले असत. ‘कोणाकडे? कुठले तुम्ही? आडनाव काय?’ तीन प्रश्न झाल्यावर वाट मिळायची. आपल्यासारख्याला त्यात आपुलकी वाटायची. ज्याच्या आडनावावर बाकडं गप्प व्हायचं त्याला काय वाटत असेल? माझ्या कचेरीतला एक मित्र गणपतीच्या दर्शनाला आपल्याकडे यायचा होता. तो वाडीच्या तोंडापर्यंत आला आणि परत गेला. का, ते त्याने मला पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. रात्री एकट्या बाईने गाडीची काच खाली करून अनोळखी माणसाला वाट विचारावी का, हे तर तूच सांग. यंत्र आडनाव विचारत नाही. मला त्याची ही सगळ्यात मोठी सोय वाटते, आणि ती कुठल्या जाहिरातीत लिहिलेली नसते. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत दिला. झोपडी असो की बंगला, पत्ता सारख्याच लांबीचा. हे मला न्यायाचं वाटतं.

पुतणी : आडनावाचं तुमचं म्हणणं मी मान्य करते. आणि रात्रीचंही. गेल्या वर्षभरात रात्री मी एकदाही काच खाली केलेली नाही. बाकड्याची आठवण मला गोड वाटते ती मी बाकड्याच्या आतल्या बाजूची होते म्हणून.

डिजिपिनचं मात्र बघा. चार बाय चार मीटर म्हणजे तेरा फूट बाय तेरा फूट. आपली खोली दहा बाय बारा. देशाचा सगळ्यात लहान पत्ता आणि चाळीतली खोली जवळजवळ एकाच मापाची निघाली, हे मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मग लक्षात आलं की त्या चौकोनावर तळमजल्याचं बिऱ्हाड आहे, पहिल्या मजल्याचं आहे, दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचंही आहे. चौघांचा संकेत एकच. वरून बघणाऱ्याला जिना दिसत नाही. उड्डाणपुलावर आहोत की पुलाखाली, यात तुमचं यंत्र मधूनच गोंधळतं तेही याच जातीचं.

पण हे सगळे दुरुस्त होणारे दोष आहेत, आणि माझी खरी तक्रार तिथे नाहीच. बाकड्यावरच्या माणसांच्या तोंडी एक वाक्य असायचं, आठवतं? ‘इथून सरळ जा, फणसवाडी लागेल, आणि तिथे विचारा.’ आपलं ज्ञान कुठे संपतं ते वाट दाखवणारा माणूस आपोआप सांगायचा. ‘पुढे जाऊन विचारा’, ‘बहुतेक डाव्या हाताला’, ‘पूर्वी तरी तिथूनच रस्ता होता’. वाट सांगण्यातला हा अर्धा भाग आहे, आणि यंत्राने तो पूर्ण गाळलाय. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री धरणाच्या पाण्यात गेली. चालक बुडून गेला. पूल होता, नकाशावरही होता, पण धरणाच्या फुगवट्याने तो तेव्हा पाण्याखाली होता. गावातल्या शाळकरी पोरालाही ते ठाऊक असणार. मुंबईतल्या हमरस्त्याला ज्या आवाजात ‘सरळ जा’ म्हणायचं, त्याच आवाजात यंत्र त्या पुलाकडेही ‘सरळ जा’ म्हणतं. त्याच्या आवाजात ‘बहुतेक’ नाही.

काका : ‘बहुतेक’ मला नको आहे. नीट विचार कर. हाजी अलीच्या फाट्याशी मी ताशी साठच्या वेगात आहे, मागे बस आहे, आणि यंत्र म्हणतंय ‘बहुतेक डावीकडे’. मी पाय ब्रेकवर ठेवणार, मागचा माझ्यावर येणार. चालत विचारणाऱ्या माणसाला शंका परवडते, कारण तो उभा राहू शकतो. धावत्या गाडीत शंका सांगणारा आवाज धोक्याचा. कोकणात जाताना शेजारी बसून नकाशा वाचणारा तुझा बाबा आठव. ‘थांब थांब, हेच वळण असावं’ असं तो म्हणायचा तेव्हा माझ्या छातीत धडधडायचं. मला एक ठाम आवाज हवा होता. तो आता मिळालाय.

पुतणी : तरीही तुमच्या यंत्राच्या पोटात शंका असते, काका. हे मी कामामुळे सांगू शकते. बोगद्यात चाकं मोजत चालताना प्रत्येक मीटरला त्याची चूक साठत जाते, आणि किती साठली असेल याचा हिशेब ते सतत करत असतं. टायरमध्ये हवा कमी असली तरी तो हिशेब बदलतो. मनोऱ्यांच्या मधून जाताना संदेश भिंतींवर आपटून येतो, तेव्हाही त्याला ठाऊक असतं की आपण दहाऐवजी चाळीस मीटरने चुकलेलो असू शकतो. फोनवरच्या नकाशात ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ फुगताना दिसतं ना, ती ही शंका. गाडीच्या यंत्रात ती झाकून ठेवतात. बाण रस्त्याच्या बरोबर मधोमध काढतात, रेषेला चिकटवून. तुम्ही बोगद्यात पाहिलात तो शांत बाण खरा शांत नव्हता. त्याला तसं काढलं होतं.

काका : हे मला माहीत नव्हतं.

(थोड्या वेळाने) पण मग मी उलट विचारतो. जागेबद्दलची शंका त्याला मोजता येते, मान्य. त्या पुलाबद्दलची शंका ते कसं मोजणार? ‘हा रस्ता वर्षातून काही महिने पाण्याखाली असतो’ हे त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय शंका येणार कुठून? अनंत चतुर्दशीला आपला जगन्नाथ शंकरशेट रस्ता गाड्यांना बंद, चौपाटीकडची वाट बंद. पोलीस आधी जाहीर करतात म्हणून आजकाल नकाशावर ते येतं. कोतूळच्या पुलाचं जाहीर करणारं कोण होतं? जे माहीत होतं ते गावाने आपल्यापाशी ठेवलं, कारण गावाला ते सांगायचं कुठे हे माहीत नव्हतं. यंत्राच्या ठामपणाला तू नावं ठेवतेस. मला बाकड्याचं गप्प राहणं जास्त टोचतं. तू नकाशाचं काम करतेस. आपल्या वाडीची खूण तू हलवलीस का?

पुतणी : हलवली. त्याच आठवड्यात. छपरावरून उचलून पुढच्या फाटकावर ठेवली, दोन दिवसांत ती नकाशावर बदललीसुद्धा. तीन महिन्यांनी बघते तर पुन्हा मागच्या गल्लीत.

काका : कोणी केलं?

पुतणी : सामान पोचवणाऱ्या मुलांनी. मी त्यांच्यातल्या एकाशी बोलले. दिवसा त्यांना मागची गल्लीच बरी पडते. पुढच्या रस्त्यावर स्कूटर क्षणभर उभी केली तरी उचलून नेतात. गल्लीत लावायची, दिंडीतून आत यायचं, दोन मिनिटांत चारही मजले करायचे. तो पोरगा दिवसाला साठ घरं करतो. पुढच्या फाटकावरून आला तर पन्नासच होतील. त्याने खूण हलवली ती चुकीची नाही, काका. दिवसा तीच खरी आहे.

काका : मग दोन खुणा ठेवायच्या. दिवसाची एक, रात्रीची एक.

पुतणी : एका घराला दोन दारं, आणि त्यातलं एक घड्याळावर चालणारं, असं लिहायची जागा मी काम करते त्या नकाशात अजून नाही. असती तरी दिंडीला कुलूप कधी लागतं? दहा म्हणतो आपण. पावसाळ्यात गुरखा साडेनऊलाच लावतो, गणपतीत दहा दिवस लावतच नाही. गेल्या महिन्यात तो गावी गेला होता तेव्हा ते रात्रभर उघडं होतं.

काका : हे गुरख्याला माहीत.

पुतणी : हो. आणि आपल्याला.

काका : आजोबांना आज-उद्या पुन्हा दुखलं तर?

पुतणी : म्हणून खूण मी परत पुढच्या फाटकावर आणलीय. परवा त्या मुलाने खालून फोन करून विचारलं, ताई, तुम्ही हलवलीत का. मी हो म्हटलं. काही न बोलता त्याने फोन ठेवला, आणि सामान मागच्या दिंडीतूनच आणून दिलं.